रुमालाखालचा सौदा

घर विकायला लागतात पाय आणि दलाली खायला लागते खुर्ची. पाय माझे, खुर्ची छगनभाईची. उधन्याला त्यांचं ऑफिस. गोडादऱ्याच्या वस्तीतली आपली खान्देशी माणसं मी गाडीवर बसवून शहराबाहेर कडोदऱ्याला न्यायची, फ्लॅट दाखवायचे, बायांना नळ सोडून दाखवायचा. आणि दलाली आली की शंभरातले सत्तर छगनभाईचे, तीस माझे.

सुवर्णा, आमची घरची, एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, निम्मे मागा. नाहीतर सोडा त्यांना. तो मनहरभाई बोलावतोय ना?"

मनहरभाई म्हणजे छगनभाईचाच जुना भागीदार. भांडून वेगळा झाला. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मनहरभाई मला निरोप धाडायचा, पण आकडा काही बोलायचा नाही. आणि छगनभाईला वास लागला तर आहे तेही जायचं.

अशात एका दुकानाचं टोकन द्यायचं ठरलं. घेणाऱ्याचा दलाल छगनभाई, देणाऱ्याचा मनहरभाई. बिल्डर शेठच्या ऑफिसात सोफा एवढासा. दोघं दोन बाजूंना तोंडं फिरवून बसले, मधे मी कोंबलेला.

माझा बाप बैलबाजारातला दलाल. तिथं रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. एक बोट म्हणजे दहा. हात हलवला की सौदा पक्का, मग माघार नाही. हे दोघं एकत्र होते तेव्हा मीच त्यांना हे शिकवलेलं. गिऱ्हाइकासमोर लई कामाला यायचं.

मी गळ्यातला मोठा रुमाल काढला, मांडीवर पसरला. उजवा हात छगनभाईकडे, डावा मनहरभाईकडे. दोघांचीही पाच-पाच बोटं दाबली. म्हणजे पन्नास द्या. छगनभाईनं माझी तीनच दाबली. मनहरभाईनंही तीनच! मी पुन्हा पाच. ते पुन्हा तीन. वर तोंडं अशी, जशी कथेला बसलीत.

तेवढ्यात शेठनं हाक मारली, "रघुनाथभाई, साक्षीदाराची सही करो ने!"

मी हळूच हात काढले आणि उठलो. रुमाल सोफ्यावर, दोघांच्या हातांवरच राहिला. त्यांची तोंडं फिरवलेली, लक्ष बोटांत, मी उठलो ते दोघांनाही कळलं नाही. सही करता करता मागं बघतो तर रुमाल हलतोय.

झालं असं. छगनभाईला वाटलं, मी रागानं हात काढला. त्यानं चाचपून हात धरला, चार बोटं दाबली. तो हात होता मनहरभाईचा. मनहरभाईला वाटलं, रघुनाथ पन्नासावरून चाळीसावर आला. खूश! त्यानं हात जोरात हलवला.

"पक्कं!" छगनभाई ओरडला.

"पक्कं!" मनहरभाई ओरडला.

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पेन. मग रुमालाकडं बघितलं.

शेठ तर उठूनच उभा राहिला. "अरे वा! हात मिळवला? भागीदारी पाछी, परत चालू?" त्यानं पेढे मागवले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नव्या बिल्डिंगचं सगळं बुकिंग तुम्हा दोघांना. पण एकत्र हां!"

एवढं मोठं काम. नाही कोण म्हणेल? दोघं पेढा चावत हसले.

माझा मात्र डाव फसला. ऑफिस एकच झालं, आता मी सोडून जायची धमकी कुणाला देऊ?

खाली पार्किंगमधे दोघांनी मला गाठलं. "लुच्चा! दोघांशी एकदम बोलत होता?"

"बोललो कुठं? बोटं दाबली," मी म्हटलं. "छगनभाई, तुम्ही पक्कं कितीवर म्हणालात?"

"चाळीस."

"मनहरभाई, तुम्ही?"

"चाळीस."

"कुणाला दिले?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मलाच ना? चाळीस आणि चाळीस, माझे ऐंशी. हात हललाय, बाजाराचा कायदा तुम्हाला माहिताय. नसेल पटत तर चला वर, शेठला विचारू, रुमालाखाली नक्की काय चाललं होतं."

छगनभाईनं माझा खांदा धरला. "रघुभाई, घरच्या माणसासारखं बोल ना यार. ऐंशी तुला दिले तर आम्ही काय खायचं?"

मी बराच वेळ डोकं खाजवलं. उसासा टाकला.

"चला, तुमच्यासाठी तीस सोडले. पन्नास द्या."

मनहरभाईनं तर माझे आभार मानले हो.