मागनं रहिमान येतोय

सुभेदार आकाराम वारले, तेव्हा पाटणच्या त्यांच्या शाळेत शोकसभा भरली. त्यांचे वर्गमित्र रहिमानभाई सांगलीहून आले होते. हळदीची पेढी मुलावर सोपवून ते आता घरीच असत.

वक्त्यांनी एकाहत्तरच्या लढाईतल्या शौर्यपदकाची हकीकत सांगितली. वायरलेस बंद पडला, तेव्हा आकाराम गोळीबारातून निरोप घेऊन धावत गेले आणि वेढ्यात सापडलेली तुकडी वाचली.

मग रहिमानभाई काठी टेकत उठले. "शाळेत असताना आमी रोज कोयनेच्या काठानं शर्यत लावायचो. एकदाबी मी त्याच्या पुढं गेलो न्हाई."

लोक हसले. रहिमानभाई मात्र घुटमळले. पुढचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; ऐकणाऱ्याला बढाई वाटली असती.

"लढाईनंतर तो सुट्टीवर आला, तवा मी इचारलं, 'भ्या न्हाई वाटलं रं?' तर म्हणाला, 'लय वाटलं गड्या. पाय उचलंना. मग मनाला म्हटलं, मागनं रहिमान येतोय, त्याला पुढं जाऊ द्यायचं न्हाई. आन् सुटलो.'"

पहिल्या रांगेतून आकारामांच्या पत्नी साळूबाई म्हणाल्या, "आवं भाऊजी, ही गोष्ट आमच्या आळीत पोराबाळांना ठावं हाय. पदक बघायला कुणीबी येऊ द्या, हे आधी तुमचं नाव सांगायचे."

रहिमानभाई काठी टेकत पहिल्या रांगेकडे आले. साळूबाईंनी सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.