फिकट चौकोनाची राखणदार

"डोळा मायाळू असतो, सूनबाई. तो सगळ्यांना सांभाळून घेतो. त्याच्यावर विसंबू नकोस. मोज."

माझ्या जन्माच्या वेळी मी ऐकलेला हा पहिला आवाज, छापखान्याच्या आजोबांचा. आजोबा आता नाहीत. त्यांचं सांगणं मात्र मी अजून धरून आहे.

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. संगणकाच्या पोटात राहते. मला कलर प्रोफाइल म्हणतात. उघडून पाहाल तर आत एकही चित्र नाही, नुसते आकडे. म्हणून कोणी मला क्षुल्लक समजेल. समजू दे.

माझं काम दुभाष्याचं. संगणकाचा पडदा रंगवतो उजेडाने, छपाईयंत्र रंगवतं शाईने. दोघांची भाषा वेगळी. पडद्याने निळा म्हणावं आणि यंत्राने जांभळा काढावा, असं चालायचं. मी मध्ये उभी राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावते. आमचं यंत्र तर स्वभावानेच पिवळ्याकडे झुकतं. त्याची ही खोड मला पाठ आहे.

आजोबांच्या सूनबाईंना सगळे वहिनी म्हणतात. त्यांनी कागदभर रंगीत चौकोन छापले, शाई पुरती वाळू दिली आणि हाताएवढं मोजणीयंत्र एकेका चौकोनावर टेकवलं. त्या मोजमापातून मी घडले. पुढे कागद बदलो की शाई, वहिनी पुन्हा मोजायच्या आणि मला ताजी करायच्या. सकाळच्या जपासारखाच तो त्यांचा नेम होता. गिऱ्हाईक म्हणे, "पडद्यावर पाहिलं तस्संच आलं की." शाबासकी यंत्राला मिळायची. मी कधी रुसले नाही.

एकदा प्रसूतिगृहातल्या सिस्टर आल्या. नव्या आयांसाठी पुस्तिका छापायची होती. तिच्या एका पानावर बाळाच्या शीचे रंग होते. हसू नका. पिवळे, हिरवे चौकोन म्हणजे सगळं ठीक. शेवटचा चौकोन मात्र फिकट, पांढऱ्या मातीसारखा. तसा रंग दिसला तर बाळाचं यकृत आजारी असू शकतं, लगेच डॉक्टर गाठायचा.

"वहिनी, हा फिकट चौकोन थोडा जरी पिवळा झाला तर आई निर्धास्त राहील," सिस्टर म्हणाल्या. "आणि उशीर झाला तर बाळाचं अवघड होतं."

"चुकीचा रंग या दारातून जाणार नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "गेलाच तर मी स्वतः जाऊन परत आणीन."

त्या दिवसापासून तो चौकोन मी राखला. घेतला वसा टाकायचा नाही, हे मी वहिनींकडूनच शिकले.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक आईचं नाव घालून पुस्तिका आपोआप तयार करणारं. वहिनी तेव्हा आईच्या दुखण्यासाठी माहेरी गेल्या होत्या. कामावर त्यांचे धाकटे दीर होते. सॉफ्टवेअरने विचारलं, प्रोफाइल जोडायची का? भावोजींनी चौकटीतली होकाराची खूण काढून टाकली. "कशाला हे ओझं," ते स्वतःशीच म्हणाले. "फाइल कशी पिसासारखी हलकी झाली."

ओझं! मी नसले की यंत्राला कोण आवरणार? ते झुकलं पिवळ्याकडे. फिकट चौकोन छान लोण्याच्या रंगाचा होऊन बाहेर आला. भावोजींनी कागद पडद्याशेजारी धरला आणि मान डोलावली. मायाळू डोळ्याने सांभाळून घेतलं.

वहिनी परतल्या. हातपाय धुऊन त्यांनी नेमाप्रमाणे एका उरलेल्या पुस्तिकेवर मोजणीयंत्र टेकवलं. आकडा पिवळ्याकडे सरकला होता.

"भावोजी, बाकीचा गठ्ठा कुठे आहे?"

"वाटला की काल. आया घरीही गेल्या घेऊन. का हो, छान आलाय. आधीचा तो चौकोन कसा आजारी दिसायचा."

"तो आजाराचाच रंग आहे, भावोजी."

"एवढासा फरक कोण बघत बसतंय, वहिनी?"

"जिचं बाळ आहे ती."

वहिनींनी सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग त्यांनी मला पुन्हा जोडलं. यंत्र कुरकुरलं, पण मी त्याला तसूभरही झुकू दिलं नाही. नव्या पुस्तिकेतला चौकोन निघाला फिकट, निस्तेज, रुसलेल्या तोंडासारखा. वहिनींनी मोजला आणि डोळे मिटून हात जोडले.

मित्रांनो, मला जुनी म्हणा, जड म्हणा. मी लाजणार नाही. सुंदर दिसावं म्हणून खऱ्याला रंग फासायला सांगाल तर मी ऐकणारही नाही. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नका, इतकंच सांगते. त्या बारीकशा खुणेपलीकडे कुणाचं तरी बाळ असतं.

सिस्टरनी घरांचे पत्ते कळवले होते. वहिनींनी नव्या पुस्तिका पिशवीत भरल्या आणि पायांत चपला सरकवल्या.

"दोन घास खाऊन तर निघा," भावोजी म्हणाले.

"आज उपास आहे माझा."

"मग माझाही धरा." त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

वहिनींनी पिशवी छातीशी धरली आणि दोघं पहिल्या घराच्या वाटेला लागले.