तुऱ्यांच्या पिशव्या

दाण्यांच्या चाचणीपट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि तपासनीस बाईने पट्टी दिव्याखाली धरली. समोरच्या स्टुलावर तिचे वडील बसले होते. दाणे त्यांच्याच मक्याचे, तिच्या आईने मरेपर्यंत जपलेल्या वाणाचे. दोन रेघा म्हणजे त्यात जनुक बदललेला मका मिसळलेला. नियम सरळ होता: असं बी सगळं जाळायचं.

"पुन्हा बघ," वडील म्हणाले.

तिने तिसऱ्यांदा बघितलं. रेघ काही हटेना.

"असं कसं होईल? बाहेरचे पराग बसू नयेत म्हणून एकूण एक कोवळ्या कणसावर पिशवी चढवली होती मी. पिशव्या तूच नाही का आणून दिल्यास?"

दिल्या होत्या खऱ्या. ती तपासायला जायची त्या रस्त्यापलीकडच्या चाचणीच्या शेतात नव्या मक्याचे पराग उडू नयेत म्हणून तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधायचे. चांगला जाड कागद कशाला जाळायचा, म्हणून काम झाल्यावर उतरवलेल्या पिशव्या बाईने त्याच दुपारी तशाच घरी नेल्या. आत चिकटलेले पराग झटकलेसुद्धा नाहीत. लोकांच्या प्रत्येक नमुन्याला हातमोजे बदलणारी ही शहाणी!

सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"जाळ हे, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या मावशीच्या शेतात आईचाच मका आहे. उरलेल्या पिशव्या मी तेव्हाच तिला नेऊन दिल्या होत्या. तेवढा तरी वाचला असेल."