उजवी शिफ्ट

"माझ्या हाताला काही झालेलं नाही, कीबोर्ड बिघडलाय," हे मी त्या दिवशी इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय लवकर सावरला, हाताने मात्र छळलं. मी वकीलसाहेबांची टायपिस्ट, अगदी टाइपरायटर होता तेव्हापासूनची. हात गेला म्हणजे माझं काय राहिलं? रोज स्पंजचा चेंडू दाबदाबून एकेक बोट परत आणलं. करंगळी तेवढी ऐकेना. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "तिची आशा फार धरू नका." मी तिला तोंडावर सांगितलं, आशा कुणाची धरायची ते माझं मी बघेन.

तर त्या दिवशी साहेबांनी घरी मसुदा पाठवला होता. पाच वाजेपर्यंत नीट टाइप करून दिला तर माझी खुर्ची माझी, नाहीतर माझ्या जागेवर बसवलेली नवी मुलगी कायम. सरळ हिशेब. मला तो आवडलाही. कीव नको होती मला, काम हवं होतं.

पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर एक ओळ नीट लागेना म्हणून मी जरा थांबले, वाचलं, विचार केला आणि पुन्हा सुरू केलं, तर काही नाही! नऊ बोटं धावताहेत आणि पडद्यावर अक्षर म्हणून उमटत नाही.

"अहो, लेकाला हाक मारा," मी ओरडले. आमचे हे कानावर हात ठेवून आले, आणि त्यांच्यामागून चिरंजीव.

चिरंजीवांनी सगळं यथासांग केलं. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. कीबोर्ड उलटा करून थोपटला, तर त्यातून बिस्किटांचा चुरा आणि ह्यांच्या शर्टाचं बटण पडलं. "हे मी महिनाभर शोधतोय!" हे आनंदाने म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बटण घेऊन गुपचूप कोपऱ्यात बसले.

मग लेकाने स्वतःचा कीबोर्ड आणून जोडला. मी टाइप केलं. तेच! अक्षर नाही.

"सरक जरा," तो म्हणाला. हा माझा मुलगा टाइप कसा करतो, तर दारावरची बेल दाबल्यासारखा. एका बोटाने, दाबून, उमटलं का ते बघून मग पुढचं. त्याने एक कळ दाबली. अक्षर उमटलं. दुसरी दाबली. तेही उमटलं.

"चालतोय की गं," तो हळूच म्हणाला.

आणि बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. ती नजर मला पुरती कळली. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून हे दोघं तसंच बघायचे.

"आई, बोटांत जोर पडत नाहीये तुझ्या. त्यात लाज कसली? मी साहेबांना फोन करून सांगतो. इतकी वर्षं राबलीस, आता आराम कर ना."

"खबरदार!" मी म्हटलं. "पहिलं पान काय भुताने टाइप केलं?"

"थकला असेल हात."

माझं डोकंच फिरलं. रडूही येत होतं, पण या दोघांसमोर रडले असते तर लगेच फोन लागला असता. म्हणून दात-ओठ खात कीबोर्डकडे बघत बसले. तीस वर्षं माझ्या हाताखालून यंत्रं गेली आहेत. रुसलेलं यंत्र मला कळतं. दोन कीबोर्ड एकाच दिवशी एकाच पद्धतीने कसे बिघडतील? आणि या बेल दाबणाऱ्यालाच कसे वश होतील?

मी एक कळ दाबली आणि त्याच्यासारखीच धरून ठेवली. अक्षर उमटलं. भरभर दाबली, गायब. पुन्हा धरली, हजर.

"अरे, याला जोर नकोय, वेळ हवाय!" मी टेबलावर थाप मारली. "तू रेंगाळतोस म्हणून तुझं चालतं. माझी बोटं पळतात म्हणून माझं चालत नाही. शोध तुझ्या त्या फोनवर, कळ दाबून धरली तरच अक्षर येतं, हे काय आहे ते."

त्याने नाइलाजाने शोधलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. "एक सोय असते, आई. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी. ती चालू झाली की चुकून ओझरत्या लागलेल्या कळा कॉम्प्युटर धरतच नाही. मधे पडद्यावर एखादी चौकट आली होती का?"

"आली होती. काहीतरी विचारत होती. मी 'हो' म्हटलं. तूच सांगितलंयस ना, काही विचारलं की 'हो' दाबायचं, म्हणजे कटकट मिटते?"

हे कोपऱ्यात खुदकन हसले.

"पण ती चौकट उगाच येत नाही," लेक म्हणाला. "उजवी शिफ्ट बराच वेळ दाबून धरली तरच..." तो मधेच थांबला.

उजवी शिफ्ट माझ्या करंगळीची. टाइपरायटरपासूनची सवय. साहेब मजकूर सांगताना थांबले की पुढच्या वाक्याच्या कॅपिटल अक्षरासाठी माझी करंगळी शिफ्ट दाबून तयार. मघाशी मी विचार करत थांबले होते, तेव्हा ती आपली आपण तिथे जाऊन बसली होती. आणि तिने ती कळ दाबून धरली होती. सगळ्यांनी सोडून दिलेल्या त्या बोटाने! माझ्याही नकळत!

ह्यांनी नाक शिंकरलं.

"बंद कशी करायची ती सोय?" मी विचारलं.

"तीच कळ पुन्हा तशीच धरायची." त्याने बोट पुढे केलं.

"हात काढ," मी म्हटलं. "ही माझी कळ आहे."

करंगळी शिफ्टवर ठेवली. आता सगळे बघत होते, तर ती थरथरायला लागली मेली. मी दाबली. कोपरापर्यंत कळ आली तरी सोडली नाही. कॉम्प्युटर टुक् करून वाजला.

मी भरभर ओळ टाइप केली. सगळीच्या सगळी उमटली.

"आई," लेक डोळे पुसत म्हणाला, "आता थांबलीस की करंगळी शिफ्टवरून बाजूला ठेवत जा हं. नाहीतर पुन्हा होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "ती तिथेच राहणार. आणि फोन खाली ठेव. साहेबांना मी करणार आहे, मसुदा पाठवून झाल्यावर."