सुरुचीच्या लोहाच्या गोळ्या

यमुनाबाईंनी डबी टेबलावर ठेवली. "ताई, यात लोह आहे का, तेवढं बघून सांगा."

सुहासिनी जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. यमुनाबाई तिच्या मुरलीपुऱ्यातल्या शेजारीण. मालक रेल्वेत, अकोल्याहून बदली होऊन आलेले. महिन्यापूर्वी त्यांची मुलगी सुरुची बाळंतपणात गेली होती. अंगात रक्त आधीच कमी, त्यात वाहायला लागलं ते थांबलंच नाही. बाळ तेवढं वाचलं.

"सासरचे म्हणतात, पोरीनं गोळ्या खाल्ल्याच नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या.

डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. लेबलवर 'आहारपूरक, लोह साठ मिलिग्रॅम'. सुहासिनीनं आधी दुसऱ्या दुकानातली, तितक्याच लोहाची गोळी कुटून आम्लात विरघळवली आणि वरून ब्युरेटच्या मापनळीतून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडलं. लोह आहे तोवर पडलेला रंग विरत जातो. लोह संपलं की गुलाबी छटा टिकते. इथे ती टिकायला साडेदहा मिलिलिटर लागले.

सुरुचीच्या गोळीला एकसुद्धा लागला नाही.

जुन्या गोळीतलं लोह गंजलं तर या मोजणीतून निसटतं, म्हणून तिनं जस्ताची पूड घालून, गाळून पुन्हा मोजलं. तीन गोळ्या झाल्या. साठाच्या जागी पाचही भरेनात.

पोरीवरचा आळ गेला, बाईंना तेवढाच आधार, असं वाटून ती म्हणाली, "सुरुची खोटं बोलत नव्हती, यमुनाबाई. गोळ्यांतच काही नाही."

यमुनाबाई स्टुलावर बसल्या.

"माहेरी आल्यापासून रोज तोंड उघडून बघायचे मी तिचं. जीभ वर कर म्हणायचे. तरी रक्त सातच्या वर जाईना. मला वाटलं, मागाहून थुंकते. सातव्या महिन्यात हात उचलला तिच्यावर. 'आई, गिळली गं' म्हणत होती."

सुहासिनीनं उरलेल्या गोळ्या डबीत घालून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दोघी अन्नतपासणीच्या कार्यालयात गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. डबी उघडलेली, नमुना आम्ही घेतलेला नाही, कॉलेजचा अहवाल चालायचा नाही, असं ते म्हणाले. दोघींनी येताना दुकानात चौकशी केली होती. तो माल आता तिथं नव्हता. अर्जावर शिक्का मारून मिळाला.

बाहेर बाकावर यमुनाबाई म्हणाल्या, "मला हिंदीत लिहून द्या. व्याह्यांना वाचता आलं पाहिजे."

सुहासिनीनं आकडे लिहिले, खाली सही केली.

"आता माझंही लिहा. आईनं मारलं, ते."

"ते अहवालात बसत नाही, बाई."

"मग दुसऱ्या कागदावर लिहा."

सुहासिनीनं वहीतलं आणखी एक पान फाडलं.