शेवटची ओटी

कालिंदीताई कर्णिकांइतका पैसा माझ्याकडे असता, तर मी रोज दुपारी पंख्याखाली ताणून दिली असती. गार्डन रीचला नवऱ्याने मागे ठेवलेली गोदामं, बालीगंजला घर, दारात गाडी. आणि ही बाई पन्नाशी उलटल्यावर लोकांच्या घरची कोडी सोडवत कलकत्ताभर हिंडायची. "नसत्या उठाठेवी," असं मी म्हटलं की म्हणायची, "सरला, तुला चौकशा नाहीत म्हणून तुला झोप लागते." गाडीत मात्र शेजारी तिला मीच लागायचे. एकटीने चौकशा करण्यात काय मजा!

एकाहत्तर सालच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या बँकेतल्या दिगंबररावांची बदली होऊन ते बेहाल्याला राहायला आले होते. त्यांच्या बायकोने, वृंदाने, चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळं अगदी पुण्यासारखं. त्यातच तिची अंगठी गेली. सासूने लग्नात घातलेली, पाचूची. विषमज्वरातून उठल्यापासून तिच्या बोटात ती सैल झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्याकडे पोचलो, तेव्हा ती रडून लाल झाली होती.

"पारुलनेच घेतली," वृंदा म्हणाली. "रोज कणीक मळताना मी अंगठी ओट्यावर काढून ठेवते. कालही ठेवली असणार. पाहुण्या गेल्यावर हात धुतले, बघते तर बोट रिकामं! स्वयंपाकघरात दिवसभर तीच होती. हे संध्याकाळी पोलीस घेऊन येणार आहेत."

पारुल ही कामाला ठेवलेली बाई. सीमेपलीकडून, खुलन्याकडून जीव मुठीत घेऊन आलेली. सियालदह स्टेशनाच्या फलाटावरून कुणाच्या तरी ओळखीने तिला इथे काम मिळालं होतं. कालपासून ती मागच्या जिन्यात बसून होती. नक्षलवाद्यांच्या धरपकडीच्या त्या साली कलकत्त्यात पोलीस चौकीत गेलेला धडधाकट पुरुष कधी आणि कसा परत येईल याचा नेम नव्हता; या बाईचं तर विचारायलाही कुणी आलं नसतं.

कालिंदीताई मात्र वृंदाच्या हाताकडे टक लावून बघत होत्या.

"हात इकडे कर बघू," त्या म्हणाल्या. "हळद अजून गेली नाही वाटतं?"

"दोनदा साबण लावला, ताई. पातळ कालवली होती ना, अख्खं बोट माखलं."

अनामिका पार तळव्यापर्यंत पिवळीधमक होती. फक्त तिच्या मुळाशी, अंगठी बसते तिथे, गोरा पट्टा उठून दिसत होता. मी तो पाहिला आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"अंगठी सकाळी ओट्यावर काढली असती, तर हळद तिथेही लागली असती," कालिंदीताई म्हणाल्या. "हळद लावताना ती तुझ्या बोटात होती, वृंदा. पहिल्या बाईला लावताना होती आणि अगदी शेवटी शेवटीही होती. मध्येच गळली असती तर पुढच्या बायकांची हळद त्या पट्ट्यावर चढली असती. पट्टा कसा कोरा आहे बघ."

"म्हणजे?"

"हळदीकुंकवानंतर तू काय करत होतीस? ओंजळीने हरभरे देत होतीस. ओले, बुळबुळीत हरभरे. मला मेलीला कुणी कुंकू लावत नाही, तेव्हा मी खुर्चीत बसून तुमचे हातच बघत होते. शेवटच्या तिघी कोण?"

मीनाक्षी, प्रेमलता आणि खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण भट्टाचार्यबाई. स्वयंपाक उरकून त्या सगळ्यांत उशिरा वर आल्या होत्या.

खालच्या औषधाच्या दुकानात फोन होता. मीनाक्षी म्हणाली, हरभऱ्यांची उसळ काल रात्रीच केली, पण मेली आंबट झाली. प्रेमलतेने उसळीबरोबर पुऱ्याही केल्या होत्या आणि त्यांची कृतीही ती सांगणार होती. कालिंदीताईंनी फोन ठेवला. मराठी बाई ओटीच्या हरभऱ्यांचं करणार काय? उसळच. निवडताना, शिजवताना, निदान दाताखाली तरी पाचू लागलाच असता.

"आता भट्टाचार्यबाईंकडे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला हेवा वाटला.

भट्टाचार्यबाईंनी आम्हा तिघींना कौतुकाने बसवलं, बशीत संदेश पुढे ठेवले. कालिंदीताई कलकत्त्यातच जन्मलेल्या, बंगाली अस्खलित. त्यांनी हळूच हरभऱ्यांचा विषय काढला.

"शिजवायचे?" भट्टाचार्यबाईंनी जीभ चावली. "देवीचा प्रसाद तो! आमच्या घरात रोज मासळी. त्या चुलीवर कसा चढवू? जशी गाठ बांधून आणली तशी ठाकुरांच्या पायाशी ठेवलीय. शनिवारी गंगेवर जाणार आहे, तेव्हा सोडीन."

आम्ही देवघरात गेलो. कालिंदीताईंनी आधी नमस्कार केला, मग परवानगी मागितली. भट्टाचार्यबाईंनी स्वतःच पुरचुंडी सोडली. उकाड्याने हरभऱ्यांना मोड आले होते, आणि त्या पांढऱ्या मोडांत अंगठी अडकून बसली होती. वृंदाने ती उचलून पदराने पुसली. भट्टाचार्यबाई "मा गो!" म्हणून कपाळाला हात लावून उभ्या. शनिवार उजाडता तर पाचू गंगेत गेला असता, आणि त्याच्या आधी पारुल चौकीत. मला इतका आनंद झाला की मी कालिंदीताईंना मिठीच मारली.

"चल, आधी तिला सांगू," त्या म्हणाल्या.

वृंदाच पुढे धावली. हातात अंगठी, तोंडभर हसू. मागच्या जिन्यात पारुल भिंतीला टेकून बसली होती. आमची पावलं ऐकून तिने वर पाहिलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत शेजारचं गाठोडं पुढे ओढून झटपट सोडलं. एक साडी तिने झटकून दाखवली. मग एक फणी. मग मुरमुऱ्यांची पुडी उलटी केली आणि मुरमुरे बोटांनी पसरले. ते झाल्यावर उठून पदराची गाठ सोडू लागली. कितीदा केलं असेल तिने हे कालपासून! वृंदाच्या तोंडावरचं हसू तसंच थिजलं.

"मिल गई, पारुल," ती कसंबसं म्हणाली. "गलती मेरी थी।" आणि गुडघे टेकून सांडलेले मुरमुरे गोळा करू लागली.

पारुलने तिचा हात धरला. रागाने नाही, अगदी हळू. बंगालीत काहीतरी म्हणाली. वृंदाने कालिंदीताईंकडे पाहिलं.

कोडं सुटल्यावर ज्या दिवसभर खुशीत असायच्या, त्या कालिंदीताईंचे डोळे भरून आले होते.

"म्हणते आहे, आधी सगळं नीट बघून घ्या, मा. मी गेल्यावर पुन्हा काही हरवलं तर मी नाही घेतलं, हे सांगायला मला येता यायचं नाही."