शिवलीलाचे पाय

आमच्या दुकानात कडक भाकरी मोडून दाखवायची पद्धत हाय. गिऱ्हाईक आलं की आमचे हे, शंकरप्पा, ढिगातली एक भाकरी उचलायचे, गिऱ्हाइकाच्या कानाजवळ न्यायचे आणि कट्ट करून मोडायचे. "ऐकलं का? हिला काय होत न्हाय. अमेरिकेला न्या, न्हायतर चंद्रावर न्या." गिऱ्हाईक हसायचं आणि चार पाकिटं जास्त घ्यायचं. मोडायला हे, पण भाकरी माज्या नणंदेची. शिवलीलाची.

दुकान पुढं, चूल मागं, मधे एक दार. त्या दाराआड शिवलीला पाटावर बसलेली असायची. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावरनं काढून चुलीच्या कडंनं उभी करून वाळवायची. सोलापुरातनं परदेशी जाणारं माणूस आमच्याकडनं भाकरी आणि शेंगाचटणी घेतल्याबिगर हलत न्हाय. आणि दारातनं हिचा प्रश्न ठरलेला. "कुटं चाललाय?"

"कॅनडाला, मुलीकडं."

"तितं नदी गोठती म्हणं. वरनं चालत जाता येतं, खरं का?"

माणूस सांगत बसायचं आणि हिचे हात पिठात तसेच राहायचे. मग ह्यांची हाक यायची, "शिवे, तवा जळतोय!"

मी चेष्टा करायची. "तुजी भाकरी तुज्याआधी जग फिरून आली बघ."

"भाकरीला कोण विचारतंय वैनी, कुटं चाललीस म्हणून?" ती म्हणायची.

लग्न झालं न्हाय तिचं. इंडीकडचं एक स्थळ आलं होतं, सगळं जमत आलं होतं. मुलाकडच्यांनी सहज म्हणलं, काय विचारायचं असंल तर विचार. हिनं विचारलं, "तुमच्या गावाहून समुद्र किती लांब हाय?" मुलाच्या आईनं चहाची बशी खाली ठेवली. ही पोरगी घरात टिकायची न्हाय, असं म्हणून मंडळी उठली. अय्यो, टिकायची न्हाय म्हणं! हिच्याएवढं घरात टिकलेलं माणूस मी दुसरं बघितलं न्हाय.

सगळ्यात लांब ती गेली ती करमाळ्याला, एका लग्नाला. जीपमधे खिडकीशी बसली आणि वाटंनं एक शब्द बोलली न्हाय. उतरल्यावर बघते तर केसांत, भुवयांत, दातांतसुद्धा धूळ. मी म्हणलं, तोंड मिटून बसायचं की गं. तर म्हणती, "वैनी, उघडं राहिलं ते कळलंच न्हाय."

सिद्धेश्वराला जातो असं सांगून आमी दोघी एकदा पोस्टात गेलो आणि तिचा पासपोर्ट काढला. ह्यांनी तो पुढं कधीतरी बघितला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर हसले. "असू दे की," म्हणले, "ओळखपत्र म्हणून चालतंय." शिवलीलाही हसली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं न्हाय.

आमचे हे वाईट माणूस न्हाईत. बहिणीला कधी वाकडा शब्द बोलले न्हाईत, सणाला माज्याआधी तिला साडी. पण ती दाराबाहेर जाईल, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच न्हाय. वाईट असते तर मी भांडून मोकळी तरी झाले असते. बचतगटाच्या बायका गोव्याला निघाल्या तेव्हा शिवलीलाची पिशवी आदल्या दिवसापासून दाराशी भरून ठेवलेली. जायच्या सकाळी ह्यांनी एका लग्नाची ऑर्डर घेतली. "पुढच्या खेपंला जा की शिवे. समुद्र काय पळून चाललाय व्हय?" तिनं पिशवी उघडली, साड्या दांडीवर टाकल्या आणि पाटावर जाऊन बसली. मी परात उचलून अंगणात फेकली. शेजारची गोजाबाई धावत आली, काय झालं, काय झालं करत. हे म्हणतात, "अगं, मी काय वावगं बोललो?"

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि शिवलीलाचं पोट फुगायला लागलं. दवाखान्यात हेच घेऊन गेले, तिच्या उशाशी हेच बसले. डॉक्टर म्हणले, आता काय उपाय न्हाय, घरी न्या. चुलीशेजारच्या खोलीत खाट टाकली. चुलीपुढं मी बसायला लागले.

एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. पाय कसले, नुसत्या काटक्या. ती म्हणली, "वैनी, मी गेल्यावर मला बसवू नका."

आमी लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत न्हाईत. मांडी घालून बसवतात, भिंतीला टेकवतात, कपाळाला विभूती लावून गळ्यातलं लिंग हातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं पुरतात. शिवाच्या ध्यानाला बसलं म्हणायचं. माजे सासूसासरे तसेच बसलेत. मलाबी तसंच बसायचंय, मला त्यात काय वावगं दिसत न्हाय.

"लई बसले मी," शिवलीला म्हणली. "जल्मभर बसले. आता मातीत घालून परत बसवणार तुमी. मला जाळा."

"शिव शिव! काय बोलतीस गं?"

"ऐका तरी. राख ठेवा डब्यात. जाणारं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, आमच्या शिवलीलाला नेता का? चोरून द्यायचं न्हाय, विचारून. जो व्हय म्हणंल त्याच्याकडं कागदाच्या पुडीत चिमूटभर. तितं समुद्र दिसला की सोडा म्हणावं. तिकीटबी लागणार न्हाय." तिला हसू आलं आणि हसताना पोटात कळ आली. मी रडत होते. रडत रडत तिच्या हातावर हात ठेवला आणि व्हय म्हणलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणले, "डोकं फिरलंय का तुजं? आईबापाशेजारी जागा हाय तिची." ह्यांचे चुलते तिप्पण्णाकाका बसले होते. ते म्हणले, "शंकरप्पा, जाणाऱ्या माणसाचं ऐकावं." हे म्हणले, "काका, समाजात तोंड दाखवायचंय मला." मी हरप्रकारे सांगून बघितलं. हात जोडले, अबोला धरला. ह्यांचं एकच, आपल्यात तसं न्हाय.

वैशाखातली दुपार होती. हे दुकानात, मी तिच्याजवळ वारा घालत. मधेच तिनं डोळे उघडले. "आज कोण आलं होतं वैनी?"

कुणी आलं नव्हतं. मी म्हणलं, "एक बाई आलती. जपानला चाललीय."

"तितं..." ती म्हणली. पुढं बोलली न्हाय. मी वाट बघत राहिले, मग तिच्या नाकाशी हात धरला.

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या एक सांगायच्या, आधी मांडी घाला, मग रडा. अंग ऊन हाय तोवर पाय दुमडतात. उशीर झाला की माणूस ताठतं, मग काय केल्या बसत न्हाय. सासूबाईंच्या वेळी मीच पाय धरले होते.

म्हणून मी हाक मारली न्हाय.

तिचे दोन्ही पाय सरळ केले. ज्यांच्यात जाळतात त्यांच्या घरी बघितलं होतं, तसे अंगठे चिंधीनं बांधले. दाराला आतनं कडी घातली. बसलीच न्हाय तर पुरणार कशी? जाळायला स्मशानात न्यावीच लागंल. एवढंच माजं डोकं चाललं. दुकानातनं ह्यांची हाक आली, "शिवी झोपली का?" मी म्हणलं, "झोपली." आणि पदर तोंडात कोंबून त्या उकाड्यात बसून राहिले. मधेमधे तिचा गुडघा दाबून बघत होते. मऊ होता, मग जड झाला, मग हलंना.

दिवेलागणीला कडी काढली आणि गळा काढला. हे धावत आले. बहिणीच्या तोंडावरनं हात फिरवला, आणि रीतीप्रमाणं आधी पायाला हात घातला. पाय वाकंना. दुसरा बघितला, तोही तसाच. मग बांधलेले अंगठे दिसले. त्यांनी माज्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

तिप्पण्णाकाका आले. त्यांनी बघितलं आणि म्हणले, "असू दे. खड्डा लांब खणू, निजवून ठेवू. देव काय रागवत न्हाय."

मी म्हणलं, "पुरायचंच न्हाय. मी शब्द दिलाय तिला."

हे उठले. सगळ्यांना बाहेर काढलं. माज्याकडनंच पाणी तापवून घेतलं, टॉवेल घेतले आणि दार लोटलं. दार नीट बसलं न्हाय, फटीतनं मला सगळं दिसत होतं. गरम टॉवेल गुडघ्याला गुंडाळून हे चोळत होते. पोराला समजवावं तसं बोलत होते, "शिवे, जरासा वाकव गं. अण्णाचं ऐक. जरासाच." डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मग त्यांनी गुडघ्यावर एक हात रोवला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि जोर लावला.

कट्ट.

तो आवाज मी जल्मभर ऐकलेला होता. हे थांबले. मला वाटलं, आता तरी सोडतील. त्यांनी दुसरा पाय धरला.

सकाळी मखरात बसवून नेली. कपाळभर विभूती, गळ्यात हार, हातावर लिंग, मांडीवर नवी साडी नीट पसरलेली. बायका म्हणत होत्या, किती शांत दिसती बघा, जशी ध्यानालाच बसलीय. तिप्पण्णाकाका खाली मान घालून उभे होते. तिला आईच्या शेजारी बसवलं आणि माती लोटली.

पाय त्यांनी मोडले. पण मी येळेवर हाक मारली असती तर ते मऊ होते, अलगद दुमडले असते. जिला जग हिंडायचं होतं तिच्या पायांचं आमी दोघांनी मिळून हे केलं. ह्यांना मी माफ करणार न्हाय. मला कोण करणार, ते मला ठाऊक न्हाय.

दुकान चालू हाय. भाकऱ्या मी करते. हे आता मोडून दाखवत न्हाईत. काल एक मुलगी आली, जर्मनीला निघालेली. "काका, मोडून दाखवा की. आई म्हणली, तुमी दाखवता." ह्यांनी भाकरी उचलली. तिच्या कानापर्यंत नेली आणि परत ढिगात ठेवली. "कडक हाय," म्हणले, "न्या तशीच."

मी आतनं उठून आले. ती भाकरी उचलली, ह्यांच्या कानाजवळ नेली आणि मोडली. हे स्टुलावर खाली बसले आणि दोन्ही हातांनी कान झाकले. मुलगी घाबरून आमच्याकडं बघत राहिली.

मी तिला विचारलं, "जर्मनीत कुटं चाललीस बाई? तितं समुद्र हाय का?"

"हाय की काकू, जवळच हाय," ती म्हणली. "तुमाला काय पाठवायचंय का कुणाला?"

मी न्हाय म्हणलं. तिचं पाकीट बांधून दिलं आणि आत जाऊन पाटावर बसले.